हिराची मेंढरं कुटं गेली

लिहा मास्तर, पण गावाचं नाव लिहू नका. मंगळवेढ्याच्या बाजूचं एक गाव, एवढंच लिहा, त्या गावाचं नाव कागदावर यावं एवढी त्याची लायकी न्हाय. माझं नाव घाला. सिदाप्पा. जातीनं धनगर, मेंढरं राखायची हेच काम, बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं, माझ्या हातात पाटी कधी आली न्हाय, काठी आली. ज्वारी निघाली की काळ्या रानात मेंढरं बसवायची, म्हंजे रातच्याला तितंच मुक्काम, लेंड्यांचं खत रानात पडायचं आन शेतकरी त्याबद्दल ज्वारी घालायचा. आज ह्या रानात, उद्या त्या रानात. बायको पारू, डोक्यावर बुट्टी, बुट्टीत भांडी आन भांड्यांत एखादं नवं जन्मलेलं कोकरू, अशी चालायची. हिरा तशीच रानात जन्मली. थोरली ती. तिच्या पाठीवर तानाजी. दोनच लेकरं आमाला.

आमच्या घरात एक रीत व्हती, ती आधी सांगतो, न्हायतर पुढचं तुमाला कळायचं न्हाय. लेक मेंढरामागं चालायला लागली की तिला एक पाठ द्यायची. पाठ म्हंजे मादी कोकरू. तिच्या डाव्या कानाला दोन चिरा मारायच्या, ती लेकीची खूण. मग त्या पाठीची मेंढी झाली, तिला कोकरं झाली, त्या कोकरांना कोकरं झाली, सगळ्यांच्या कानाला तीच खूण, आन ती सगळी लेकीची. लगीन होऊन गेली तरी तिचीच. ठेवली तर बापाच्या कळपात, नेली तर तिच्या घरी. भावानं त्याला हात लावायचा न्हाय, बापानं तर न्हायच न्हाय. हिराचं लगीन हितं वळसंगला झालं, जावई भीमा, गरीब माणूस, दुसऱ्याच्या रानात राबणारा. हिराची मेंढरं मात्र माझ्याकडंच वाढत गेली. ती म्हणायची, आबा, ऱ्हाऊ द्या, भीमाला एकदा जागेचं जमलं की आमी नेऊ आन आमचा कळप करू. त्या दोघांचं तेवढंच ठरलेलं व्हतं बघा आयुष्यात. दुसऱ्याच्या बांधावरनं उठायचं आन आपल्या मेंढरामागं चालायचं.

तानाजीला मेंढरं नको व्हती. तो सोलापूरला गेला, टेंपो घेतला, कारखान्यातनं टॉवेलाचे गठ्ठे उचलायचे आन गोदामात टाकायचे. चांगलं चाललं व्हतं त्याचं. मी त्याला कधी नावं ठेवली न्हाईत, आता ठेवणार हाय, तेबी लिहा.

तर त्या दिवशी मी मंगळवेढ्याच्या बाजाराला गेलो व्हतो. येताना एसटी स्टँडवर उभा, आन छातीवर कुणी एडका आणून बसवल्यागत झालं. घाम सुटला. बाजूच्या माणसानं सोडा पाजला, गॅस हाय म्हणला. ज्याला त्याला गॅसच दिसतो. सोडा पिऊन मी खाली बसलो तो उठलोच न्हाय. शुद्धीवर आलो तवा गाडीत व्हतो, कुणीतरी फोन करून बोलावलेला तानाजी डोक्याशी, आन गाडी सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात शिरत व्हती.

मनगटातनं तार घातली, फोटो काढले. डॉक्टर पोरगेलाच व्हता, कागदावर पेनानं काळीज काढून दाखवलं मला, म्हणला आजोबा, तीन नळ्या बंद हायत, छाती उघडून करावं लागंल, आन थांबता येणार न्हाय. अहो, आयुष्यभर बोकडं कापली, काळीज कसं असतंय मला म्हाईत हाय की, त्यात नळ्या असतात हे कुणी सांगितलं व्हतं? सकाळी मी भाकरी-ठेचा खाऊन घरनं निघालेला माणूस. संध्याकाळी माझी छाती उघडायची बोलणी चाललेली. आन ज्याला त्याला घाई, सही करा, पैसे भरा, रक्त आणा. सरकारी योजना हाय म्हणतात, फुकट होतंय म्हणतात. त्या दवाखान्यात ती न्हवती. जितं व्हती तितं नंबर लागायला महिना दीड महिना. डॉक्टर म्हणला, एवढं काळीज थांबणार न्हाय. मग ती योजना काय चाटायची?

तानाजीनं टेंपो इकला. माझी मेंढरं इकली, माझ्या खुणेची सगळी. सुनेच्या गळ्यातलं गेलं. आन तरी पुरंना. कितीला काय गेलं ते मला इचारू नका, मला कुणी आकडा सांगितला न्हाय आन मी इचारला न्हाय, मला फक्त पोराचं तोंड दिसायचं. दाढी वाढलेली. माझ्या खाटंपाशी आला की हसायचा आन पाठ फिरवली की भिंतीला हात टेकून उभा ऱ्हायचा.

तवा हिरा आली. वळसंगवरनं, भीमाला घेऊन. आली ती सरळ म्हणली, आबा, माझी मेंढरं हायत की, ती काय देवाला सोडलीत? इकते आन भरते.

आन मी काय केलं, लिहा. मी ओरडलो. छाती दुखत असलेला, नाकात नळी असलेला माणूस मी, उठून बसलो आन सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो. लेकीचं खाऊन जगायचं असंल तर मला आत्ताच्या आत्ता गावाकडं नेऊन टाका, लेकीचा पैसा माझ्या अंगाला लावाल तर टाके उसवून बाहेर येईन, असं म्हणलो. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पितानाबी माणूस इचार करतो, मास्तर. लेकीला द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. घेतलं की भावकीत तोंड काळं. हिरानं पदर सावरला आन भीमाला म्हणली, चला. बाजूच्या खाटंवर एक जुना गिरणी कामगार व्हता, त्यानं मान हलवली, म्हणला, ह्याला म्हणतात बाप. आन मला बरं वाटलं! काय सांगू तुमाला, मराय टेकलो व्हतो आन त्या माणसाच्या एका शब्दानं माझी छाती फुगली. त्याचा मला आज एवढा राग येतो, की ती फुगलेली छाती डॉक्टरनं फोडली तेच बरं झालं असं वाटतं.

दोन-तीन दिवसांनी माझा धाकटा भाऊ आला. म्हाळाप्पा. पिशवी तानाजीच्या हातात दिली आन माझ्यापाशी येऊन म्हणला, दादा, काळजी करू नको, मी हाय. मी रडलो. त्याचे हात धरून रडलो. म्हाळूकडं एवढा पैसा आला कुटनं? सांगा की. त्याच्याकडं दोन म्हशी आन बायकोचं दुखणं, दुसरं काय व्हतं? मी इचारलं न्हाय. मला इचारायचंच न्हवतं. भावाचं घेतलं की चालतं.

ऑपरेशन झालं. पायातली शीर काढली आन छातीत लावली म्हणे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, न्हायतर हाडं सुटतील असं नर्स म्हणायची. महिनाभर तानाजीच्या खोलीवर पडून ऱ्हायलो. हिरा एकदा येऊन गेली, खाटंपाशी बसली, डोकं चेपलं. कमी बोलली. मला वाटलं, मी ओरडलो त्याचा राग धरलाय.

मग गावी गेलो. आन बघायला आलेल्या बाया काय सांगत्यात? सिदामामा, तुमी तिकडं फाडून पडलेला, आन हिकडं हिरा भरदुपारी टेंपो घेऊन आली, नवरा संगं, कानं बघून बघून आपली मेंढरं भरली आन गेली. बापाला एक रुपाया दिला न्हाय. भावानं टेंपो इकला आन बहिणीनं टेंपो भरला, असं हसून सांगत्यात. त्यातली एक तर म्हणली, म्हाळाप्पा व्हता म्हणून वाचलासा.

मी मेंढरांच्या कुडात जाऊन बघितलं. कळप कसला, चार शेरडं ऱ्हायली व्हती. डाव्या कानाला दोन चिरा असलेलं एक जनावर न्हवतं. मग माझी सटकली. तोंडाला येईल ते बोललो पोटच्या पोरीला. ती मला मेली म्हणलो. पंचमीला तिला आणायची न्हाय, ह्या उंबऱ्यात तिचा पाय नको, तानाजीला फोन करून सांगितलं. तानाजी नुसता बरं म्हणला. बरं! ऐकताय ना? त्याला सगळं म्हाईत व्हतं आन तो बरं म्हणला.

पारू चुलीपाशी व्हती. भाकरी थापत व्हती, ते पीठ तसंच परातीत टाकलं, हात न धुता माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हायली. चाळीस वर्सं ती माझ्यावर आवाज चढवून बोललेली न्हवती. म्हणली, हिराची मेंढरं कुटं गेली इचारतोस व्हय? तुझ्या छातीत जे टुकटुक करतंय ना, ती हिराची मेंढरं हायत.

मग सगळं कळलं. मी ओरडल्यावर ती दवाखान्याबाहेर पायरीवर बसली, भावाला म्हणली, आबा माझं घेणार न्हाईत, काकाचं घेतील. भीमानं वळसंगचा टेंपो भाड्यानं आणला, मेंढरं भरली, सांगोल्याच्या बाजारात इकली. पैसा म्हाळाप्पाच्या हातात दिला. काका, तुमच्या नावानं द्या आन परत कुणापाशी बोलू नका, आबा बरे होस्तवर तरी. आईकडनं शपथ घेतली, भावाकडनं घेतली. सगळ्यांनी घेतली की शपथ, लगेच घेतली. कुणाला काय जड जात व्हतं? जे जड व्हतं ते तिनं उचललं.

मी तानाजीला बोलावून घेतलं. म्हणलं, बाबा, हे खरं हाय का? व्हय म्हणला. मी म्हणलं, खरं हाय तर गावाला सांग. तर म्हणतो, आबा, डॉक्टरनं तुमाला राग येऊ द्यायचा न्हाय म्हणून सांगितलंय. झालं ते झालं. आता उकरून काढलं तर लोक मला काय म्हणतील? भाऊ असून बहिणीची मेंढरं इकायला लावली म्हणतील. आन माझ्या पोरीचं बघायचं चाललंय, सोयरे इचारतील. मी म्हणलं, आन तिला जे म्हणत्यात ते? तर म्हणतो, ती काय गावात ऱ्हाती व्हय, तिला कुटं ऐकू जातंय.

ह्या वाक्यावर त्याच्या थोबाडीत द्यायला पायजे व्हती. दिली न्हाय. का? कारण मलाबी तेच पायजे व्हतं. नातीचं लगीन हे निमित्त. सिदाप्पानं लेकीचं खाल्लं, हे चार माणसांत ऐकायची माझी तयारी न्हवती. लेकीला चोर म्हणलेलं चालत व्हतं. दोन वर्सं मी गप बसलो. हिराला पंचमीला बोलावलं, दिवाळीला बोलावलं, ती आली, गेली, आन वाटंवर बाया कुजबुजायच्या ते मी ओट्यावर बसून ऐकायचो.

मग नातीचं लगीन झालं, गावातच, मांडव घालून. मानपानाच्या वेळी गावातल्या एका पुढाऱ्यानं माईक घेतला आन म्हणला, आज एका माणसाचा सत्कार करायचाय, ज्यानं भावासाठी सगळं पणाला लावलं. म्हाळाप्पाला पुढं बोलावलं. फेटा बांधला. भगवा, तुरा काढलेला, आन म्हाळ्या असा उभा जसा काय मुंडावळ्याच बांधायच्या ऱ्हायल्यात. टाळ्या. मला वाटलं, आता तरी ह्याचं तोंड उघडंल. उघडलं. म्हणला, भाऊ म्हणून माझं कर्तव्यच व्हतं.

हिरा बायकांच्या पंगतीत बसलेली. माझी भावजय, म्हंजे त्याच म्हाळ्याची बायको, वाढायला व्हती. बुंदीचं ताट घेऊन हिरापुढं थांबली आन सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणली, हिला दोन घास जास्त वाढा गं, बापाच्या दुखण्यात मेंढरं इकून घरी खाटकाचं खातीया, गोड कुटनं मिळणार. बाया हसल्या. हिरानं पानावर पाणी फिरवलं आन उठली. भीमा मागनं. मांडवातनं बाहेर जाताना माझ्यापुढनं गेली. थांबली न्हाय. मी खुर्चीत बसलेला, मांडीवर आहेराचं धोतर, आन माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय. बंद नळ्या डॉक्टरनं काढल्या म्हणे. घशातली तशीच ऱ्हायली व्हती.

त्या दिवसानंतर ती माहेराला आली न्हाय. फोन केला तर भीमा उचलायचा, रानात गेलीय म्हणायचा.

म्हणून मागच्या आमुशेला मी गेलो देवळात. आमच्यात आमुशेला सगळी भावकी बसती. मी उभा ऱ्हायलो आन बोललो, सगळं बोललो. पैसा हिराचा, मेंढरं तिची, म्हाळ्यानं फक्त पिशवी आणली, फेटा उतरव म्हणलं. तर काय झालं म्हणून सांगू? कुणाला पटलं न्हाय. म्हाळ्या उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मऊ हात, आन सगळ्यांना म्हणला, दादाला बरं न्हाय हल्ली, ऑपरेशनपासनं इसरतोय, लेकीची माया हाय ना, तिला झाकायला बघतोय. आन समदे माना हलवायला लागले. एकजण म्हणला, काळजाचं ऑपरेशन डोक्यात जातंय, माझ्या मेव्हण्याचंबी असंच झालं. मी तानाजीकडं बघितलं, व्हता ना तोबी तितं. म्हणलं, तू सांग. तो म्हणला, आबा, चला घरी, गोळी घ्यायची वेळ झाली.

गोळी!

दुसऱ्या दिवशी एसटी धरली, सोलापूरला गाडी बदलली आन हितं वळसंगला आलो. तुमाला वाटंल, लेक गळ्यात पडली असंल. न्हाय पडली. दारातच इचारलं, गोळ्या आणल्यात का. मग आत येऊ दिलं. मी सांगितलं, देवळात बोललो तुझ्यासाठी. तशी ती जी कडाडली मास्तर, तसं मला आजवर कुणी बोललं न्हाय. म्हणली, आता बोललासा व्हय? मांडवात जीभ कुणी धरली व्हती? मला तुमच्याकडनं पैसा नको व्हता, फेटा नको व्हता. ती काकी ताट घेऊन उभी व्हती तवा नुसतं हिरा म्हणून हाक मारली असती तर मी बुंदी खाऊन घरी गेले असते. तुमी धोतराची घडी बघत बसलासा.

खरं हाय. धोतराची घडीच बघत व्हतो.

आन तिनं काय काय सोसलं ते ती सांगत न्हाय, ते भीमानं सांगितलं. ज्या जागेवर कळप बसवायचा व्हता ती सुटली. आता तो सोलापुरात बांधकामावर जातो, सकाळी पहिल्या गाडीनं, हातांना सिमेंट खाल्लेलं. माझ्यापुढं एक वाकडा शब्द काढला न्हाय त्यानं. मीच त्याला म्हणलं, जावईबापू, शिव्या तरी द्या. तर हसतो आन म्हणतो, मामा, मेंढरं काय, परत होतील. कुटनं होतील? एक पाठ घ्यायची म्हणलं तरी ह्यांच्याकडं काय उरलंय?

पारूचा रोज फोन येतो. घरी चला, तानाजी म्हणतोय, औषधाचं दुकान लांब हाय तिकडं. मी तिला सांगितलंय, तानाजीला म्हणावं मुराळी होऊन ये. भावानं यायचं असतं की बहिणीला माहेराला न्यायला, रीत हाय ना, बाकीच्या रितींना तर लई जपता. यायचं, बहिणीला साडी घ्यायची, गावात उतरल्यावर एसटी स्टँडपासनं घरापर्यंत तिला संगं घेऊन चालायचं, भरदुपारी, आन जो इचारंल त्याला सांगायचं की आमच्या आबाच्या छातीत हिची मेंढरं हायत. तवर मी हलत न्हाय. तो आला न्हाय अजून. येईल का न्हाय, मला सांगता येत न्हाय. त्याला टेंपो गेल्याचं दुःख हाय, दुसऱ्याचा टेंपो चालवतोय आता, तेबी मला कळतंय. पण माझ्यापाशी आता समजून घ्यायला जागा उरली न्हाय.

मला राग येऊ द्यायचा न्हाय म्हणतात. येऊ द्या की. आधी आला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुमाला बोलावलं. तोंडानं सांगितलं तर म्हातारं भ्रमलं म्हणतात. लिहिलेल्याला काय म्हणतील? तुमी वाचून दाखवा, मी अंगठा देतो, आन शाळेत छापा न्हायतर पेपरात छापा.

हिराची सासू कानडी हाय, तिला माझं निम्मं बोलणं कळत न्हाय आन मला तिचं. पहिल्या दिवशी मी ओसरीवर नुसताच बसलेलो, पाणीसुद्धा न पिता, जुनी सवय. तिनं ताट आणून पुढं ठेवलं, म्हणली, ऊटा माड्री. जेवा. मी ताटाकडं बघत बसलो. हिरा आतनं म्हणली, राग ताटावर काढू नका, ज्वारी तुमच्याच तिकडची हाय.

जेवलो. रोज जेवतो. भाकरी, शेंगाची चटणी, कधी हुलग्याचं माडगं. देव त्या पोरीला आन तिच्या घराला काय द्यायचं ते देवो, माझ्याकडं द्यायला काय न्हाय. आमच्या गावातलं कोण हिकडनं गेलं तर मी मुद्दाम ताट घेऊन ओट्यावर बसतो, रस्त्याकडं तोंड करून. आता शेवटचं लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, सिदाप्पा लेकीचं खातो.